बेचाळीस भागांचा अबोला

मालिकेच्या कार्यकारी निर्मात्याचा फोन आला, तेव्हा त्याने मला सगळी कथा दोन वाक्यांत सांगितली. नऊ वर्षांपूर्वी कर्जापायी घर सोडून गेलेला बाप परत येतो आणि पंधरा वर्षांचा मुलगा त्याच्याशी बोलत नाही. “दादा, ४२ भागांचा ट्रॅक आहे, शेवटी मिठी आहे,” असे तो म्हणाला. गेली चौदा वर्षे मी दैनंदिन मालिकांमधून वडिलांच्या भूमिका करतो आहे. मुलीची पाठवणी करणारे, हृदयविकाराचा झटका येणारे, भावाभावांच्या भांडणात मध्ये पडणारे असे पुष्कळ बाप मी उभे केले. परंतु ज्याच्याशी घरातला मुलगा बोलतच नाही, असा बाप माझ्या वाट्याला कधी आला नव्हता. त्यामुळे तारखा विचारण्याआधीच मी होकार देऊन टाकला.

ज्यांनी हे काम जवळून पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळता साधारण २२ मिनिटांचा मजकूर असतो, आठवड्याला सहा भाग दाखवले जातात, आणि तेवढे पुरवायचे तर युनिटला रोज जवळपास एका भागाइतके चित्रीकरण उरकावे लागते. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे असतात. तिन्हींवर वाहिनीच्या माणसांचे शेरे येतात आणि मग सीनचे कागद सेटवर पोहोचतात, ते पुष्कळदा चित्रीकरणाच्याच सकाळी. मेकअपच्या खुर्चीत बसून संवाद पाठ करण्याची आम्हा सर्वांना सवय झालेली असते. अशा कामात अबोला हा फार अवघड प्रकार आहे, कारण मालिका बोलण्यावर चालते. प्रेक्षक पोळ्या लाटता लाटता ऐकत असतो, त्याला ऐकूनही गोष्ट कळली पाहिजे, आणि म्हणून पडद्यावर दोन माणसे काही वेळ गप्प राहिली की सगळ्यांनाच धास्ती वाटू लागते.

मे महिन्याच्या अखेरीस ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये दोन दिवसांची कार्यशाळा ठेवली होती. दिग्दर्शक, संवादलेखिका, मालिकेत माझी पत्नी झालेली अभिनेत्री, मी आणि तो मुलगा, एवढेच आम्ही होतो. मुलगा बदलापूरहून आईबरोबर आला होता. त्याला एप्रिलमध्येच चौदा पूर्ण झाली होती आणि जूनमध्ये तो नववीच्या वर्गात बसणार होता. तो माझ्या पाया पडायला वाकला, मी त्याला वरच्यावर अडवले, आणि मग दिवसभर तो मला ‘सर’ म्हणत राहिला. संवाद त्याचे चोख पाठ होते. परंतु वाचन सुरू झाले आणि दुसऱ्याच पानावर आमची गाडी अडली.

अडली ती ‘तुम्ही’ या शब्दापाशी. मालिकेच्या सुरुवातीच्या भागांत एक जुनी आठवण दाखवलेली होती, तिच्यात सहा वर्षांचा मुलगा फाटकाशी उभा राहून म्हणतो, “बाबा, तू लवकर ये.” म्हणजे त्या घरात बापाला ‘तू’ म्हणण्याची रीत होती. नऊ वर्षांनंतर आलेल्या कागदांत मात्र मुलगा कधी ‘तू’ म्हणत होता, कधी ‘तुम्ही’. लिहिण्याच्या घाईत कोणाचे तिकडे लक्ष गेले नव्हते. मी संवादलेखिकेला विनंती केली की परत आलेल्या बापाला या मुलाने सरसकट ‘तुम्ही’च म्हणावे, तेही शक्य तितके कमी वेळा, आणि ‘बाबा’ हा शब्द तर शेवटपर्यंत काढूच नये. बाहेरच्या पाहुण्याला आपण ज्या अदबीने बोलतो, त्या अदबीने पोटचा मुलगा बोलू लागला, तर बापाला याहून मोठी शिक्षा नाही. तिला ते तत्काळ पटले आणि तिने तिथेच पेन काढून पानेच्या पाने दुरुस्त केली.

पटले नाही ते मुलाला. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला आणि मग आईकडे एकदा पाहून म्हणाला, “सर, आमच्या घरी मी पप्पांना तुम्हीच म्हणतो. आईला तू म्हणतो, पण पप्पांना नाही. आमच्याकडे सगळेच तसं म्हणतात. मग ह्याच्यात राग कुठंय?” त्याचे कुटुंब मूळचे साताऱ्याकडचे, वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात पाळीवर जाणारे. त्याच्या कानाला ‘तुम्ही’ हा शब्द मायेचाच होता. ‘पप्पा, तुम्ही जेवलात का?’ हे वाक्य जो रोज रात्री म्हणतो, त्याला त्याच शब्दात तुसडेपणा आणायला सांगणे हे मोठे विचित्र मागणे होते, आणि त्याने ते बोलून दाखवले याचे मला फार कौतुक वाटले. बहुतेक बालकलाकार दिग्दर्शक सांगेल तसे म्हणून मोकळे होतात.

मग आम्ही त्याला ती जुनी आठवण मोबाइलवर दाखवली. त्याने ती दोनदा पाहिली आणि म्हणाला, “म्हणजे आमच्या घरात मी पप्पांना एकदम तू म्हटलं, तर त्यांना जसं लागेल, तसं ह्यांना तुम्हीने लागतं.” संपूर्ण ट्रॅकची किल्ली त्या एका वाक्यात होती. त्या दिवशी संध्याकाळी निघताना दिग्दर्शकाने त्याला मला ‘सर’ म्हणू नकोस असे बजावले, आणि दुसऱ्या दिवसापासून तो ‘काका’ म्हणू लागला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात चित्रीकरण सुरू झाले. आमचा सेट घोडबंदर रस्त्यावर, कासारवडवलीच्या पुढे, एका मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये उभारलेला होता. बाहेरून गोदाम दिसावे आणि आत शिरले की ओटा, देवघर, जिना, झोपाळा असलेले भरले घर. ठाणे स्टेशनपासून तिथपर्यंतचे अंतर फारसे नाही, परंतु मेट्रोच्या कामामुळे कापूरबावडीपासून पुढे कधी किती वेळ लागेल याचा नेम नसे. मुलगा आणि त्याची आई बदलापूरहून लोकलने ठाण्याला येत आणि तिथून बसने किंवा रिक्षाने सेटवर. पहिल्याच आठवड्यात ते दोनदा अडकले, आणि घामाघूम होऊन पोहोचलेल्या मुलाला थेट मेकअपला बसवावे लागले. त्यानंतर ज्या दिवशी आमची कॉलची वेळ जुळत असे, त्या दिवशी मी त्यांना सकाळी आठला स्टेशनबाहेरून गाडीत घेऊ लागलो.

या प्रवासांविषयी मला थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण पडद्यावर जे काही दिसले त्याची तयारी तिथे झाली. आई मागच्या सीटवर बसे, मुलगा माझ्या शेजारी. समोरासमोर बसवले की हे वय तोंड उघडत नाही. गाडीत मात्र दोघांचीही नजर रस्त्यावर असते, कोणी कोणाच्या चेहऱ्याकडे बघत नसते, आणि मानपाड्यापाशी वाहने तुंबली की बोलण्यावाचून दुसरा उद्योगही उरत नाही. पहिले काही दिवस तो केवळ विचारलेल्याची उत्तरे देत होता. मग त्याने स्वतःहून विचारायला सुरुवात केली. मी नाटकात कसा आलो, घरच्यांनी येऊ दिले का, असे त्याचे प्रश्न होते, आणि त्यातूनच जी गोष्ट मी अनेक वर्षे कोणाला सांगितली नव्हती, ती मला सांगावी लागली.

माझे वडील वागळे इस्टेटमध्ये कामाला होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची ती पहिली वसाहत, आणि आमच्या चाळीतल्या अर्ध्या बिऱ्हाडांची चूल तिथल्या कारखान्यांवर पेटत असे. मी एकोणिसाव्या वर्षी कॉलेज अर्धवट सोडून नाटकाच्या दौऱ्यावर गेलो आणि परत आलो, तेव्हा वडिलांनी माझ्याशी बोलणे टाकले. अकरा महिने आम्ही एका खोलीत राहून एकमेकांशी अवाक्षर बोललो नाही. चाळीत नळाला पहाटे साडेचारला पाणी येत असे. वडील पहिल्या पाळीला जाण्यापूर्वी घरचे पाणी भरत, आणि रात्री प्रयोग करून उशिरा झोपलेल्या माझ्यासाठी आंघोळीची एक बादली वेगळी भरून, तिच्यावर परात झाकून ठेवत. अकरा महिन्यांत एकही दिवस त्यात खंड पडला नाही. मी ते पाणी वापरत होतो आणि त्यांच्याशी बोलत नव्हतो. हे सांगून झाल्यावर मुलगा काहीच बोलला नाही; मागच्या सीटवरून त्याच्या आईने मात्र हळूच विचारले, “मग शेवटी कोण बोललं, दादा?” वडीलच बोलले होते. “रविवारी मामा येणार आहे,” एवढे म्हणाले आणि अबोला संपला.

बादलीची ही गोष्ट मी त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत दिग्दर्शकाला सांगितली. त्यांनी ताटावरून उठण्याआधीच तिची पाण्याची बाटली करून टाकली. बाप पहाटे उठून मुलाची शाळेची बाटली भरतो आणि चपलांच्या कपाटावर ठेवतो. मुलगा येतो, बाटली उचलतो, मोरीत ओततो, स्वतः पुन्हा भरतो आणि निघून जातो. संवाद नाही. वाहिनीचे लोक संवाद नसलेल्या प्रसंगाला बिचकतात, परंतु हा प्रसंग अर्ध्या मिनिटाचा होता आणि प्रत्येक दोन-तीन भागांनी परत येणारा होता, म्हणून तो मान्य झाला.

बाटली साधी होती, निळ्या झाकणाची, आरपार दिसणारी. कंटिन्युइटी सांभाळणाऱ्या मुलीने तिच्या मागच्या बाजूला कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी पांढऱ्या चिकटपट्टीची बारीक खूण केली होती, जेणेकरून प्रत्येक टेकला पाणी त्याच रेषेपर्यंत भरलेले असावे. मास्टर शॉट, म्हणजे सगळा प्रसंग एकाच चौकटीत घेणारा शॉट, झाला. मुलगा बाटली घेऊन मोरीकडे गेला, झाकण उघडले आणि थांबला. दिग्दर्शकांना वाटले की तो विसरला. दुसऱ्या टेकलाही तेच झाले. तिसऱ्या वेळी त्याने कॅमेऱ्यापासून तोंड वळवून मला विचारले, “काका, कुंडीत ओतलं तर चालेल का? आमच्या बिल्डिंगमध्ये पाण्याची बोंब असते. मोरीत ओतायला माझा हातच होत नाही.” ओट्याजवळच्या खिडकीत कढीपत्त्याची कुंडी होती. दिग्दर्शकांनी क्षणभर विचार केला आणि हो म्हटले. त्याने बाटली कुंडीत रिकामी केली, शेवटचा थेंब पडेपर्यंत ती तिरकी धरून उभा राहिला, आणि मग माठातून पुन्हा भरली.

लिहिलेल्या प्रसंगापेक्षा हा प्रसंग कितीतरी खरा झाला. मोरीत पाणी ओतणारा मुलगा नुसता चिडलेला दिसला असता. कुंडीत ओतणारा मुलगा बापावर रागावलेला होता, पाण्यावर नाही. त्याचा चांगुलपणा शाबूत आहे हे प्रेक्षकाला कळले आणि बापालाही कळले. मी बापाच्या जागी दाराआड उभा राहून ते पाहत होतो, तेव्हा माझ्या चेहऱ्यावर जे आले ते मी आणलेले नव्हते. (पुढे पुढे पाणी जास्त होऊन कढीपत्त्याची पाने पिवळी पडली आणि कलाविभागाला नवे रोप शोधून आणावे लागले.)

आता एका अडचणीविषयी. २०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांनी चौदा वर्षांखालील बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा अधिक काम देण्यास मनाई केली. त्याच्या उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकणेही बंधनकारक केले. आमच्या मुलाला चौदा पूर्ण झाली असल्यामुळे हे कलम त्याला लागू नव्हते. त्याच्या आईने मात्र करार करतानाच निर्मात्यांना सांगितले होते की पाच तास म्हणजे पाच तास. “मार्चमध्ये जो पोरगा पाच तासांत दमायचा, तो मेमध्ये बारा तासांचा कसा होईल?” असे तिने विचारले होते, आणि निर्मात्यांनी ते मान्य केले. मला ती बाई फार मोठी वाटते. मुलाच्या कमाईवर घर चालवायला बघणारे पालकही मी पाहिले आहेत.

परंतु त्याचा परिणाम असा झाला की नऊला आलेला मुलगा मधली सुट्टी धरून तीनपर्यंत निघून जाई. साहजिकच आधी मास्टर घ्यायचे, मग मुलाचे क्लोज, म्हणजे चेहऱ्याचे जवळून घेतलेले शॉट, संपवायचे आणि माझे क्लोज संध्याकाळी, असा क्रम ठरला. म्हणजे ज्या क्षणी बाप मुलाच्या डोळ्यांत बघून गहिवरतो, त्या क्षणी समोर मुलगा नसे. कॅमेऱ्याच्या बाजूला लाइटच्या स्टँडवर त्याच्या डोळ्यांच्या उंचीला पिवळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावलेला असे, आणि सहायक दिग्दर्शक कागदावरून त्याची वाक्ये सपाट आवाजात वाचून मला क्यू, म्हणजे माझी पाळी आल्याची खूण, देत असे. मालिकांमध्ये हे नित्याचे आहे आणि मी त्याबद्दल कधी तक्रार केलेली नाही. मात्र इथे समोरच्याचे मौनच माझे क्यू होते, आणि चिकटपट्टीचे मौन व माणसाचे मौन यांत फरक आहे. माणूस गप्प असतो तेव्हा त्याचा श्वास बदलतो, गिळलेला आवंढा दिसतो. आठवडाभर मी त्या पिवळ्या तुकड्याकडे बघून बाप झालो आणि ते काम मनासारखे होत नाही हे मला कळत होते.

उलट बाजूने मी एक नियम केला होता, की मुलाच्या क्लोजला कॅमेऱ्याशेजारी मीच उभा राहीन. माझा चेहरा चौकटीत नसला तरी मी पूर्ण अभिनय करून त्याला क्यू देत असे. एक दिवस त्याने घरी गेल्यावर आईच्या फोनवरून मला विचारले, “काका, माझ्यानंतर तुमचं कोण करतं?” मी त्याला पट्टीची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी तीन वाजले तरी तो गेला नाही. आईशी त्याचे काहीतरी बोलणे झाले आणि ती दिग्दर्शकांना म्हणाली, “आज तो थांबतो म्हणतोय. काम म्हणून नाही. अर्धा तासच.” मेकअप उतरवलेला, घरचा टी-शर्ट घातलेला तो मुलगा लाइटच्या स्टँडजवळ येऊन उभा राहिला. त्याने तो पिवळा तुकडा काढला, बोटावर गुंडाळला आणि माझ्याकडे बघू लागला. त्याच्याकडे एकच वाक्य होते, “तुम्ही जेवून घ्या, माझी वाट बघू नका.” ते त्याने त्या दिवशी फार हळू म्हटले. माझा शॉट पहिल्याच टेकला झाला. त्यानंतर आठवड्यातून दोनदा, आईने ठरवून दिलेला अर्धा तास, तो माझ्यासाठी थांबत असे.

जुलैच्या मध्यावर वाहिनीकडून निरोप आला. दर गुरुवारी बार्कचे, म्हणजे कोणती मालिका किती लोक बघतात ते मोजणाऱ्या संस्थेचे, आकडे येतात, आणि त्या दिवशी प्रत्येक सेटवरची हवा बदलते. आमचे आकडे वाईट नव्हते, पण वाढत नव्हते. २५ व्या भागाच्या सुमारास रविवारी एक तासाचा विशेष भाग करायचा ठरला आणि त्यात मिठी हवी, असा आग्रह झाला. दिग्दर्शकांनी परोपरीने समजावले. शेवटी तोडगा निघाला तो असा, की मिठी दाखवायची, पण ती बापाच्या स्वप्नात. मला हे मुळीच आवडले नाही आणि मी तसे सांगितले. जाहिरातीत आठ दिवस ती मिठी दिसत राहिली आणि प्रत्यक्ष भागात बापाला जाग आली. त्याच आठवड्यात गोखले रस्त्यावर भाजी घेताना एका वयस्कर बाईंनी मला थांबवले. “तुम्ही आम्हाला फसवलंत,” असे त्या स्पष्ट शब्दांत म्हणाल्या. “पोराला एवढ्यात कशाला आणता जवळ? नऊ वर्षं गेला होतात ना?” त्यांचे म्हणणे मी शब्दशः दिग्दर्शकांना सांगितले. प्रेक्षकाला सगळे झटपट हवे असते, हा आमच्या क्षेत्रातला समज मला तेव्हापासून खरा वाटत नाही.

मधल्या काही भागांविषयी विशेष सांगण्यासारखे नाही. आजीचे आजारपण, शेजाऱ्यांचे टोमणे, सावकाराचा माणूस दारात येणे, हे सगळे रीतीप्रमाणे झाले. एक प्रसंग तेवढा लक्षात राहिला. मुलगा शाळेचा अर्ज भरतो आणि पूर्ण नावाच्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे आईचे नाव आणि आडनाव लिहून थांबतो. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी राज्य सरकारने शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम आणला, त्याचा आधार संवादलेखिकेने मोठ्या खुबीने घेतला होता. बाप तो अर्ज वाचतो, आपले नाव नाही हे पाहतो आणि म्हणतो, “बरोबर लिहिलंयस.” मूळ कागदात याच्यापुढे बापाचे पाऊण पानाचे भाषण होते. ते काढावे म्हणून मी सकाळी मेकअपच्या खोलीतून संवादलेखिकेला फोन केला, आणि तिने एका दमात सगळे खोडले.

३६ व्या भागात मुलगा बाटली उचलतो, झाकण उघडतो, कुंडीकडे बघतो आणि पाणी न ओतता ती दप्तराच्या कप्प्यात ठेवून निघून जातो. त्याने हे करताना एकदाही माझ्या दाराकडे पाहिले नाही, आणि पाहू नये हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

४१ व्या भागात ‘तू’ यायचा होता. कागदावर आधी मोठा प्रसंग होता, पाऊस, रडणे, नऊ वर्षांचा हिशेब. आम्ही तिघांनी, म्हणजे दिग्दर्शक, संवादलेखिका आणि मी, तो वाहिनीच्या माणसांसमोर वाचून दाखवला आणि त्याऐवजी आमचा प्रसंग वाचला. बापाला एका दुकानात हिशेबनिसाची नोकरी लागली आहे, पहिला दिवस आहे, तो दारात चप्पल घालतो आणि मुलगा पाठीमागून म्हणतो, “बाबा, तू डबा घेतलास का?” बाप वळत नाही, नुसता पिशवीला हात लावून बघतो. मोठी मिठी ४२ व्या भागात ठेवू, या बोलीवर त्यांनी ते स्वीकारले.

त्या सकाळी धुवांधार पाऊस होता. पत्र्याच्या शेडवर येऊरच्या बाजूने अशा सरी येत होत्या की आत एकमेकांचे बोलणे ऐकू येईना, आणि आमच्याकडे ध्वनिमुद्रण जागेवरच होत असल्यामुळे पाऊस थांबेपर्यंत काम बंद ठेवावे लागले. मुलगा जिन्याच्या पायरीवर बसून होता. मी त्याच्याशेजारी बसलो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “काका, घरी म्हणून बघितलं. पप्पांना नाही, आरशात. तोंडातून येत नाही.” मी त्याला म्हटले की तोंडातून यायला जड जाते तसेच जड जाऊ दे. या मुलालाही नऊ वर्षांत ते म्हणायची सवय उरलेली नाही.

पाऊस थोडा उणावला तेव्हा टेक घेतला. तो ‘बाबा’ म्हणाला, थांबला, आणि ‘तू’ इतक्या खाली म्हणाला की माझ्या पाठीला तो ऐकू आला की नुसता जाणवला, हे मला सांगता येणार नाही. पिशवीला लावलेला माझा हात तिथेच राहिला. कट झाल्यावर ध्वनिमुद्रक म्हणाला, “आवाजाची लेव्हल येत नाहीये, वर पत्रा वाजतोय, परत घेऊ.” दुसऱ्या आणि तिसऱ्या टेकला मुलाने आवाज चढवला, शब्द स्वच्छ आले आणि प्रसंग गेला. मी एरवी तांत्रिक माणसांच्या कामात तोंड घालत नाही, पण त्या दिवशी हेडफोन मागून घेतला आणि पहिला टेक पुन्हा ऐकला. पावसाच्या आवाजाखाली तो शब्द होता. दिग्दर्शकांनीही ऐकला. पहिलाच टेक ठेवायचा आणि त्यावर पार्श्वसंगीत अजिबात घालायचे नाही, असे त्यांनी संकलकाला लिहून दिले, आणि प्रसारणात तो तसाच गेला.

मिठीही झाली, दुसऱ्या दिवशी. ती वाईट झाली नाही. तोपर्यंत आम्हाला एकमेकांच्या खांद्यांची उंची ठाऊक झाली होती, त्यामुळे स्वप्नातल्या मिठीत जो अवघडलेपणा होता तो यात नव्हता.

४१ वा भाग लागला त्या रात्री साडेनऊच्या सुमारास मला अनोळखी क्रमांकावरून फोन आला. मुलाचे वडील बोलत होते. आमची तोवर कधी गाठ पडली नव्हती. रात्रपाळीला निघायच्या आधी कारखान्याच्या बसची वाट बघत उभे होते, मागे वाहनांचा आवाज येत होता. “दादा, आत्ताच बघून निघालो,” ते म्हणाले. “पोरगं कधी मला तू म्हणालं नाही. टीव्हीत तुम्हाला म्हणालं, तेव्हा मला कसंतरीच झालं. असं वाटलं, मलाच म्हणालं.” मी विचारले, त्यांना राग तर आला नाही ना. “नाही, नाही. चांगलं वाटलं,” ते म्हणाले आणि थोडे थांबून पुढे म्हणाले, “पण घरी त्यानं तुम्हीच म्हणावं. ते बरं वाटतं. मगाशी निघताना विचारलंन, पप्पा, तुम्ही डबा घेतलात का.”

मी त्यांना विचारले, घेतलात ना. हो, घेतलाय, असे ते म्हणाले, आणि बस आली म्हणून फोन ठेवला.